शाळेतला गटप्रकल्प: गाव करी ते, की बारभाईची शेती?

दर जानेवारीत आमच्या स्टाफरूममध्ये ज्वालामुखी येतात. गेल्या वर्षी नऊ आले. सगळ्यांच्या पोटात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, सगळ्यांवर तोच लाल पोस्टर कलर. प्रत्येकाच्या पुढ्यात पाच-सहा मुलांची नावं सुबक अक्षरात लिहिलेली, आणि बऱ्याचदा ते अक्षर कुणाच्या तरी आईचं. मी ठाण्यात एकवीस वर्षं विज्ञान शिकवतेय, त्यामुळे मुलांची अक्षरं ओळखू येतात. एका गटाला विचारलं, "हा फेस कशामुळे येतो रे?" सहापैकी पाच जणांनी एकाच मुलीकडे पाहिलं. तिने बरोबर उत्तर दिलं. गटाला दहापैकी नऊ गुण मिळाले, सहाही जणांना सारखेच. गुण मीच दिले होते, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

गटप्रकल्पांबद्दल सध्या बरंच बोललं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलंय की प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या शेऱ्यासोबत मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन, सोबत्यांनी त्याचं केलेलं मूल्यमापन आणि प्रकल्पांमधली प्रगती यांचीही नोंद हवी. पालकसभेत 'भविष्यासाठीची कौशल्यं' हे शब्द ऐकू येतात. मग सभा संपली की जिन्यात एखादे बाबा गाठतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, चार्ट पेपर चिकटवून नक्की कुठलं कौशल्य येतं?"

प्रश्न रास्त आहे. चार्ट पेपर चिकटवून काहीच येत नाही.

आपल्या भाषेतच याबद्दल दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींच्या थेट विरुद्ध आहेत. एक म्हणते, गाव करी ते राव न करी. दुसरी म्हणते, बारभाईची शेती, काय लागेल हाती. दोन्ही खऱ्या आहेत, हे ज्याने सोसायटीच्या कमिटीत एक वर्ष काढलंय त्याला वेगळं सांगायला नको. मग कधी गाव जिंकतं आणि कधी बारभाई बुडवतात? गटप्रकल्पाचं सगळं इंगित या प्रश्नात आहे.

आधी 'भविष्यासाठीची कौशल्यं' म्हणजे काय ते उलगडू. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने २०२५ मध्ये जगभरच्या मोठ्या कंपन्यांना विचारलं की तुम्हाला माणसांमध्ये काय हवंय. सगळ्यात वर आली विश्लेषणाची क्षमता. तिच्या खालोखाल परिस्थिती बदलली तरी न कोलमडता जुळवून घेणं, आणि त्यानंतर इतरांना बरोबर घेऊन जाणं. आज लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी साधारण ३९ टक्के २०३० पर्यंत बदलतील, असाही त्यांचा अंदाज आहे. अशा भाकितांवर मी फार विसंबत नाही. पण मागे वळून मोजलेले आकडे मला पटतात. डेव्हिड डेमिंग या अर्थशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा हिशेब मांडला. १९८० ते २०१२ या काळात, ज्या कामांत माणसांशी सतत जुळवून घ्यावं लागतं अशा नोकऱ्यांचा एकूण रोजगारातला वाटा जवळपास १२ टक्केबिंदूंनी वाढला. जिथे गणित भरपूर पण माणसांशी संबंध कमी, अशा नोकऱ्यांचा वाटा उलट घटला.

याचं कारण समजायला ठाणे स्टेशनबाहेरची एखादी वडापावची गाडी पुरेशी आहे. एक जण तळतो, एक पाव चिरून चटणी लावतो, एक पैसे घेतो. संध्याकाळच्या गर्दीत ते एकमेकांशी चार शब्दही बोलत नाहीत, तरी कुणाचा हात थांबत नाही. काम वाटून घेतलं की ते भराभर होतं, पण वाटून घेण्याचा स्वतःचा एक खर्च असतो: सांगण्यात, विचारण्यात, गैरसमज निस्तरण्यात वेळ जातो. ज्याला समोरच्याचा अंदाज येतो, त्याच्यासोबत हा खर्च कमी होतो. डेमिंगचं म्हणणं थोडक्यात हेच आहे. शिवाय यंत्राला हिशेब जमतो, पण समोरचा आज गप्प का आहे हे ओळखणं त्याला अजून जड जातं.

म्हणजे शिकायचं आहे ते वाटून घेणं आणि परत जुळवणं. आता मुलांना गटात बसवलं की ते आपोआप येतं का? नाही. उलटंच होण्याची शक्यता जास्त.

दोरीचा प्रयोग

माक्सिमिलियँ रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. बैल, माणसं, यंत्रं यांची ओढण्याची ताकद मोजणं हा त्यांच्या कामाचा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावली, आधी एकेकट्याने आणि मग एकत्र. आठ जण मिळून एकट्याच्या आठपट ओढतील अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात आठ जणांच्या गटात प्रत्येकाचं ओढणं जवळपास निम्म्यावर आलं. त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले.

यावर कुणी म्हणेल की आठ जणांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, म्हणून जोर वाया जातो. तेही खरं आहे. ते वेगळं काढण्यासाठी १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी एक खोडकर प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, आणि सूचना अशी की जितक्या जोरात ओरडता येईल तितकं ओरडा. कधी सांगितलं की तुम्ही एकटेच ओरडताय, कधी सांगितलं की तुमच्यासोबत आणखी पाच जण आहेत. प्रत्यक्षात तो एकटाच ओरडत असायचा. तरीही 'आपण सहा जण आहोत' एवढ्या समजुतीवर त्याचा आवाज एकट्याच्या आवाजाच्या सुमारे ७४ टक्क्यांवर उतरला. कुणी ठरवून कामचुकारपणा केला नव्हता. ओरडताना आपण कमी पडतोय हे बहुधा त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी प्रयोग थोडा बदलला. सांगितलं की गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय. ढिलाई नाहीशी झाली.

म्हणजे गटात माणूस आळशी होतो ते त्याच्या स्वभावामुळे कमी आणि कामाच्या आखणीमुळे जास्त. माझा ज्वालामुखीचा गट आळशी नव्हता. मी त्यांना रस्सीखेचीचं काम दिलं होतं आणि वर सगळ्यांना सारखे गुण देऊन पट्टी आणि हेडफोनही चढवले होते.

याच्या उलट चित्र ठाणेकरांना दर गोकुळाष्टमीला दिसतं. गोविंदांच्या थरात मागे राहून नुसता आवाज देता येत नाही. तिसऱ्या थरातल्या एकाचा खांदा ढिला पडला की वरचं सगळं खाली येतं, आणि कुणाचा खांदा ढिला पडला हे सगळ्यांना कळतं. कुणीच दुसऱ्याचं काम करू शकत नाही: खालच्या थरातला दणकट गडी हंडी फोडायला वर चढणार नाही, आणि सगळ्यात वरचं हलकं पोर खाली उभं राहणार नाही. दोन गोष्टी झाल्या. प्रत्येकाचा हिस्सा वेगळा दिसतो, आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. या दोन अटी पाळल्या की गाव जिंकतं. एक जरी सुटली की बारभाई.

खाडीचे चार तुकडे

वर्गात हे कसं आणायचं, यावरचा माझा सगळ्यात आवडता उपाय १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात निघाला. वर्णभेदाने वेगळ्या ठेवलेल्या शाळा एकत्र केल्या होत्या, गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती, आणि वर्गात रोज भांडणं होत होती. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने उपदेश केला नाही, धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. मग ज्याला कालपर्यंत चिडवत होतो त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

हे आपल्याकडे ठाणे खाडीवर छान जमतं. विषय असा घ्या: खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, एवढ्या मोठ्या संख्येने का येतात? चार जणांचा गट. एकाकडे पक्षी, दुसऱ्याकडे खारफुटी, तिसऱ्याकडे शहरातून खाडीत येणारं सांडपाणी, चौथ्याकडे कायदा आणि संरक्षण, म्हणजे २०१५ मध्ये झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये मिळालेला रामसर स्थळाचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा. आता सगळ्या गटांतली 'पक्षी' मुलं एकत्र बसतात, वाचतात, जमलं तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जाऊन विचारून येतात. मग प्रत्येक जण आपल्या गटात परततो आणि बाकीच्या तिघांना शिकवतो.

गंमत इथून सुरू होते. पक्ष्यांवाल्याला कळलेलं असतं की रोहितचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून, शेवाळातून आणि सूक्ष्म जीवांतून येतो. सांडपाणीवाल्याला कळलेलं असतं की घाण पाण्यात शेवाळाला लागणारं खाद्य भरपूर असतं. दोघं समोरासमोर बसले की कुणीतरी डोळे विस्फारतं: म्हणजे आपलं सांडपाणी त्यांना खायला घालतं? अभ्यासकही खाडीतल्या पक्ष्यांच्या गर्दीमागे हे एक कारण मानतात. मग चौथा विचारतो, "मग पाणी साफ केलं तर पक्षी जातील का?" हा प्रश्न चौघांपैकी एकाच्याही कागदावर लिहिलेला नव्हता. तो दोन कागदांच्या मधल्या जागेत होता. कंपन्या ज्याला विश्लेषण म्हणतात ते सातवीच्या वर्गात असं दिसतं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मलाही एका वाक्यात देता येत नाही, याचा वर्गाला विलक्षण आनंद होतो.

गट चारचा का? सहा किंवा आठचा का नाही? हिशेब सोपा आहे. चार मुलांमध्ये दोघा-दोघांच्या सहा जोड्या होतात. आठ मुलांमध्ये अठ्ठावीस. म्हणजे गट दुप्पट केला की जुळवून घ्यायची नाती जवळपास पाचपट होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना अठ्ठावीस रुसवे-फुगवे सांभाळता येत नाहीत. मोठ्यांनाही येत नाहीत, सोसायटीच्या कमिटीचं वर म्हटलंच.

गळका नळ

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात मीही शिकले. सातवीच्या एका गटाने विषय घेतला: आपल्या घरातले आणि इमारतीतले गळके नळ किती पाणी वाया घालवतात? गटात दोघी घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या, एक जण नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला, एक जण लोकमान्य नगरच्या चाळीतला. हा शेवटचा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही.

मापन साधं होतं. नळाखाली भांडं ठेवायचं, दहा मिनिटांत जमलेलं पाणी मोजायचं. एका नळाखाली १५० मिलिलिटर जमलं. दिवसात दहा मिनिटं १४४ वेळा येतात, म्हणून १४४ गुणिले १५०, म्हणजे दिवसाला २१.६ लिटर. गटातल्या एकीने हाच गुणाकार चौघांच्या घरांना लावला आणि तक्ता तयार. तक्ता देखणा होता. मी सही करणार इतक्यात चाळीतला मुलगा म्हणाला, "टीचर, आमच्याकडे एवढं नाही जाणार."

"का?"

"आमच्याकडे पाणी सकाळी दोनच तास येतं. बाकी वेळ नळ गळायला पाणी कुठाय?"

टॉवरच्या गच्चीवर टाकी असते, म्हणून तिथला नळ चोवीस तास गळतो. चाळीत थेट पालिकेच्या पाइपावरचा नळ. दोन तासांत दहा मिनिटं बारा वेळा येतात. १४४ ऐवजी १२. त्याच्या घरची गळती २१.६ लिटर नव्हे, १.८ लिटर. पूर्ण तक्ता पुन्हा करावा लागला, आणि त्याला आणखी एक रकाना आला: पाणी किती तास येतं. सगळ्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती त्या मुलाने केली, कारण त्याच्या घरी पाणी वेगळं येत होतं. चारही मुलं एकाच टॉवरमधली असती तर चूक तशीच राहिली असती, आणि खाली माझी सही असती.

म्हणूनच मी मुलांना स्वतःहून गट करू देत नाही. मित्र-मैत्रिणींचे गट खेळीमेळीचे असतात, पण त्यांना सगळ्यांना सारखंच माहीत असतं.

हे सगळं नवं आहे असं मात्र समजू नका. प्रकल्पपद्धतीवरचा विल्यम किलपॅट्रिक यांचा गाजलेला निबंध १९१८ चा. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. आणि दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात पोरं किल्ला करतात तेव्हा माती कोण आणणार, मावळे कोण मांडणार, पहाटे पाणी कोण शिंपडणार हे सगळं ठरतंच, आणि त्याला कुणी गुण देत नाही.

आता गुणांचं. सगळ्यांना सारखे गुण म्हणजे हेडफोन. प्रत्येकाला फक्त स्वतःचे गुण म्हणजे गट नुसता नावाला. मी आता वीसपैकी आठ गुण गटाच्या कामाला देते आणि बारा ज्याच्या त्याला. शेवटी प्रश्न विचारताना गटातल्या चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकते. जिचं नाव निघेल तिने पूर्ण गटाच्या वतीने उत्तर द्यायचं, तेही स्वतःचा भाग सोडून दुसऱ्याच्या भागावर. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ही मुलं एकमेकांना जे शिकवतात, ते माझ्या पस्तीस मिनिटांच्या तासापेक्षा अनेकदा चांगलं असतं.

सोबत्यांकडून मूल्यमापन करून घेताना मी एकदा तोंडघशी पडले. दहापैकी गुण द्या म्हटलं, तर दोस्तांनी दहा-दहा वाटले आणि एकाने क्रिकेटमधला सूड उगवून शून्य दिला. आता गुण मागत नाही. फक्त एक वाक्य लिहायला सांगते: 'त्याने काय केलं?' "त्याने वॉचमन काकांना विचारून टाकी कधी भरते ते आणलं." असं वाक्य खोटं लिहिणं अवघड असतं.

हुशार मुलीच्या आईची तक्रार दरवर्षी येते: "माझ्या मुलीने सगळं केलं, बाकीच्यांना आयते गुण." पहिला अर्धा दोष शिक्षकाचा, तो मी मान्य करते. उरलेला अर्धा जरा नाजूक आहे. सगळं स्वतः करणाऱ्या मुलीला दुसऱ्यावर काम सोपवता येत नाही, आणि पुढे नोकरीत तिला त्याचाच त्रास होणार असतो. २०१५ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांचं एकत्र प्रश्न सोडवण्याचं कौशल्य तपासलं, तेव्हा भाग घेतलेल्या प्रत्येक देशात मुली मुलांपेक्षा पुढे निघाल्या. भारत त्यात नव्हता, पण माझ्या वर्गापुरतं मला यात नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की वही लिहिणं आणि सजावट मुलींकडे, आणि सादरीकरणाच्या दिवशी माइक मुलाकडे, हे तरीही घडतं. म्हणून दर आठवड्याला कामं बदलायची. ज्याचं अक्षर वाईट त्यानेही एक आठवडा नोंदवही लिहायची. वाचताना माझे डोळे दुखतात, ते चालेल.

चॅटजीपीटीचं काय, असंही विचारतात. ज्वालामुखीची माहिती ते अर्ध्या मिनिटात देतं, आईपेक्षा सुबक. ज्या प्रकल्पाचं उत्तर यंत्राला आधीच माहीत आहे तो प्रकल्प बाद करायचा, एवढाच माझा नियम आहे. लोकमान्य नगरच्या त्या नळाला पाणी किती वाजता येतं हे त्या घरातल्या माणसालाच विचारावं लागतं.

अडचणी आहेतच. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत, चौघांचे गट केले तरी चौदा-पंधरा होतात, आणि अभ्यासक्रम संपवायची घाई कुणाला सुटलेली नाही. म्हणून दर विषयाला दर महिन्याला एक प्रकल्प हा प्रकार मला निरर्थक वाटतो. सत्रात एकच करावा, पण शाळेच्या वेळेत. घरी पाठवलेला प्रकल्प रात्री साडेनऊला आईच्या मोबाइलवर पोचतो आणि तिथून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात, जिथे ज्वालामुखी तयारच मिळतो.

पालकांनी घरी करायचं ते थोडंच आहे. "तू काय केलंस?" ऐवजी "बाकीच्या तिघांनी काय केलं?" असं विचारा. मुलाला सांगता आलं तर गट चालू आहे. "माहीत नाही" आलं, तर शाळेत येऊन आम्हाला विचारा. वाद झाला म्हणून लगेच दुसऱ्या मुलाच्या आईला फोन करू नका. तो वाद हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि मुलं तो बहुतेक वेळा आपल्याआधी मिटवतात.

नळाच्या गटाने शेवटी टॉवरच्या सोसायटीला पत्र लिहिलं. गळत होता तो तळमजल्यावरचा, गाड्या धुण्याचा नळ. बिघाड एका वायसरचा, फार तर वीस रुपयांचा. सेक्रेटरींनी पत्र ठेवून घेतलं, कमिटीच्या बैठकीत विषय घेतो म्हणाले. कमिटीत अकरा जण. वायसर बदलायला साठ दिवस लागले. तेवढे दिवस तिथे राहणाऱ्या दोघी शाळेतून आल्यावर नोटीस बोर्डावर खडूने आकडा पुढे सरकवत होत्या. शेवटचा आकडा होता १,२९६ लिटर.